बारावं मशीन यादीत नव्हतं

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, पण घाबरायला नाही, चुका काढायला. कुणी लिहिलं की बंद टीव्ही आपोआप सुरू झाला, की खाली "शेजाऱ्यांचा रिमोट" असं लिहिणारी जी आगाऊ बाई असते ना, ती मीच. भूत, आत्मा, करणी, यातलं काहीही मी मानलं नाही, आजही मानत नाही. हे आधीच सांगते, म्हणजे शेवटी "मग आता पटलं ना?" असं विचारायला कुणी येणार नाही. नाही पटलं.

मग लिहितेय कशाला? तर त्या दिवशी एका बाईचा जीव टांगणीला लागला होता, आणि तो लागण्यात माझी चूक होती. गेली काही वर्षं ही गोष्ट रत्नागिरीत फिरतेय, पण तिच्यातून माझी चूक गळून पडली आहे आणि उरलंय फक्त भूत. ते मला खपत नाही.

साल २००९. मी तेव्हा एकोणतीसची. काही वर्षांपूर्वी पुण्यातली नोकरी सोडून रत्नागिरीला परत आले होते आणि इथल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये सिस्टिम्स बघत होते. हॉस्पिटलचं नाव विचारू नका, सांगणार नाही. सिस्टिम्स विभाग म्हणजे मी, दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, आणि त्या खोलीतला एसी, जो माझ्यापेक्षा जास्त रजा घ्यायचा.

थोडं तांत्रिक सांगते, फार नाही. पूर्वी प्रत्येक कामाला वेगळा कॉम्प्युटर असायचा. फार्मसीचा एक, लॅबचा एक, केसपेपरचा एक. २००७ साली मी एक दणकट सर्व्हर घेतला आणि हे सगळे कॉम्प्युटर त्याच्या आत नेले. म्हणजे जुन्या मशीनची हार्ड डिस्क जशीच्या तशी उतरवून एक मोठी फाइल करायची. ती फाइल सर्व्हरच्या आत मशीन म्हणूनच चालते. विंडोज तीच, प्रोग्रॅम तोच, त्याला स्वतःला पत्ताही नसतो की आपलं खोकं गेलं. याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. अशी बारा मशीन एका सर्व्हरवर चालत होती.

हे मी एकदा सुनंदामावशींना समजावून सांगितलं होतं. मावशी म्हणजे तळमजल्यावरच्या रक्तपेढीतल्या अटेंडंट, पालीजवळच्या एका वाडीतून रोज एसटीने यायच्या. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे अंगात येतां तसांच की गो. आंग येक, आन् येनारे बारा."

मी कपाळाला हात लावला होता. पण खरं सांगू? याहून सोपी व्याख्या मला पुढे कुठल्याही ट्रेनिंगमध्ये मिळाली नाही.

या बारातलं बारावं होतं रक्तपेढीचं जुनं मशीन. ते नागवेकरकाकांचं. काका रक्तपेढीत क्लार्क, पण काम करायचे दहा जणांचं. १९९८ पासून त्यांनी रक्तदात्यांचं रजिस्टर कॉम्प्युटरवर ठेवलेलं. प्रत्येक दात्याचं नाव, गाव, गट, फोन. नुसतं ठेवलेलं नाही, तर वाढदिवसाला ते फोन करायचे. गणपतीत कोण मुंबईहून गावी येतं, तेही त्यांना पाठ, कारण त्या आठवड्यात ज्या गटाचं रक्त मिळत नाही तो गट अचानक रत्नागिरीत हजर असायचा.

काकांची हार्ड डिस्क करकर वाजायला लागली म्हणून २००७ मध्ये मी ती उतरवून सर्व्हरवर नेली आणि त्यांना त्याच टेबलावर एक नवा पीसी दिला. आयकॉन दाबला की सर्व्हरवरचं त्यांचं जुनं मशीन पडद्यावर दिसायचं. जुन्या खोक्यातून मी हार्ड डिस्क काढली, रॅम काढली, आणि त्याचा एसएमपीएस, म्हणजे वीज देणारा भाग, एक्स-रेच्या पीसीला बसवला. रिकामं खोकं टेबलाखालीच राहिलं, कारण भंगारात काढायला ट्रस्टच्या मीटिंगची मंजुरी लागते आणि ती मीटिंग काही होत नाही. त्याच्या मागच्या पोर्टला काकांचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जोडलेला होता, तोही तसाच राहिला.

त्यानंतर दीड महिन्यात काका गेले. रिटायर व्हायला चार महिने होते. झोपेतच गेले. त्याच आठवड्यात जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले होते, "केतकी, सवड काढून एकदा खाली येऊन जा. तुझ्याशी काम आहे."

"नंतर येते काका," म्हणाले मी. गेले नाही. हे लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

पुढच्या वर्षी रक्तपेढीला नवं सॉफ्टवेअर आलं. काकांच्या रजिस्टरमधल्या नोंदी मी त्यात ओढून घेतल्या. बहुतेक सगळ्या आल्या, मूठभर नाकारल्या गेल्या. नाकारलेल्यांची यादी पडद्यावर आली होती. ती मी उघडलीसुद्धा नाही. "नंतर बघू" म्हणाले आणि खिडकी बंद केली.

आता जरा कान देऊन ऐका. त्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये रक्तगटाचे आठच पर्याय होते. आपल्याला माहीत असलेले आठ. पण एक नववा असतो, त्याला बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात. साध्या तपासणीत तो O सारखाच दिसतो, म्हणून खुद्द माणसालाही ठाऊक नसतं. पण या गटाच्या माणसाला O चालत नाही, कुठलंच चालत नाही. फक्त बॉम्बेच लागतं. आपल्या कोकणात अशी माणसं निघतात, आणि काकांनी ती एकेक करून शोधून ठेवली होती. नवं सॉफ्टवेअर जी मूठभर माणसं नाकारत होतं ती हीच. त्यांच्या नावापुढचा गट त्याच्या आठात बसत नव्हता.

म्हणजे ती नावं आता एकाच ठिकाणी होती: सर्व्हरच्या आतल्या बाराव्या मशीनवर, जे कुणीही उघडत नव्हतं.

मावशींचं मात्र वेगळंच. त्यांच्या लेखी काकांचं मशीन म्हणजे टेबलाखालचं ते खोकं. रोज सकाळी त्याला फडकं मारायचं, भिंतीवरचं बटण दाबायचं. बटण दाबलं की प्रिंटरचा हिरवा दिवा लागायचा, त्या खूश. दसऱ्याला खोक्याला झेंडूचं फूल आणि सोनं. मी दोनदा सांगितलं, "मावशी, ते रिकामं आहे हो." त्यावर त्या म्हणाल्या, "मानूस गेला म्हनून घराला कुलूप लावतात, घर टाकून देत नाय."

२००९ मध्ये नवीन सर्व्हर आला आणि नवा व्हर्च्युअलायझेशन प्लॅटफॉर्मही, म्हणजे ही आतली मशीन चालवणारं मूळ सॉफ्टवेअर. जुन्यावर मशीन अडखळायची, नव्यावर पळणार होती. सगळी मशीन एका रविवारी हलवायची, असं ठरलं. जुना सर्व्हर पुसून त्यावरही नवाच प्लॅटफॉर्म टाकायचा.

मी कागद केला. कुठलं मशीन हलवायचं, कुठलं सोडायचं. बाराव्यापुढे लिहिलं, "वापरात नाही. सोडून द्यावे." महिनाभराचा आलेख बघितला होता, कुणीही त्याला हात लावला नव्हता. बॅकअपमधूनही मी ते आधीच काढलेलं. रक्तपेढीचे प्रमुख डॉ. बेहेरे यांनी कागदावर सही केली. न वाचता केली म्हणत नाही, वाचलं त्यांनी. पण तेही मावशींसारखेच! त्यांना वाटलं काकांचं रजिस्टर खालच्या खोक्यात आहे, हे वरचं काहीतरी दुसरं असेल. मला वाटलं सगळं नव्या सॉफ्टवेअरमध्ये आलेलं आहे. दोघांच्या दोन समजुती, मध्ये एक सही.

रविवारी सकाळी सातला मी आले तेव्हा मावशी जिन्यात उभ्या. हातात नारळ.

"आज काकांचां मशीन हलवतस ना?"

"काकांचं नाही हलवत. बाकीची हलवतेय."

"मग त्याला हितंच टाकून जातंस?" त्यांचा चेहरा पडला. "आमच्याकडं घर बदलताना देवाला सांगतात, पितरांना सांगतात. आमी चाललांव, तुमी पन चला. न सांगता गेलां की ती मागं ऱ्हातात गो."

"मावशी, ते मशीन आहे."

"मी सांगू का गाऱ्हानां? दोन मिनटांचां काम."

"नको," मी म्हणाले. "सर्व्हर रूममध्ये पाणी, नारळ, उदबत्ती काही चालणार नाही. आणि मी मशीनला गाऱ्हाणं घालणाऱ्यातली नाही."

नारळ घेऊन त्या खाली गेल्या. मला वाईट वाटलं नाही, उलट आपण बरोबर वागलो असंच वाटलं. सात वाजून दहा मिनिटांनी मी बाराच्या बारा मशीन बंद केली.

त्यानंतरचे पाच तास फार छान गेले. एकेक फाइल नव्या सर्व्हरवर न्यायची, नव्या प्लॅटफॉर्मला समजेल अशी बदलून घ्यायची, सुरू करायची, नेटवर्क कार्ड नवं दिसलं म्हणून ते कुरकुरतं, त्याचा पत्ता पुन्हा भरायचा, की झालं. फार्मसी आली, लॅब आली, केसपेपर आला. साडेबाराच्या सुमारास अकरावं मशीन उभं राहिलं. मी डब्यातली पोळी खाल्ली आणि जुना सर्व्हर पुसायला बसले. पुसायची आज्ञा टाइप केली होती. फक्त एंटर दाबायचं राहिलं होतं.

इंटरकॉम वाजला. मावशी होत्या.

"बाय, खाली ये. काकांचां मशीन छापतां हाय."

"कुठलं मशीन?"

"काकांचां गो! टेबलाखालचां."

"मावशी, त्यात काहीच नाहीये. ते छापू शकत नाही."

"मग ये न् बग," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी चिडून खाली गेले. नारळ फोडू दिला नाही म्हणून बाईंनी हे नाटक मांडलंय, असंच डोक्यात होतं.

तळमजल्यावर वेगळंच चित्र. बाकावर एक माणूस बसलेला, गळ्यात जयगड बंदराचं ओळखपत्र, हातात बायकोचे कागद चुरगळलेले. माझी पांढरी ओढणी बघून मला डॉक्टर समजून उठला. "मॅडम, कार्डावर O पॉझिटिव्ह लिवलेलां हाय. O च्या येवढ्या पिशव्या असताना म्हनतात जुळत नाय. असां कसां?"

आत डॉ. बेहेरे दोन फोन एकदम कानाला लावून होते. तेव्हा मला कळलं. त्या माणसाची बायको, रेश्मा, सकाळी बाळंत झाली होती. मूल ठीक होतं, पण तिचं रक्त थांबत नव्हतं. पेढीतल्या O च्या प्रत्येक पिशवीशी तिचं रक्त जुळवून बघितलेलं, एकही जुळली नव्हती. बॉम्बे ग्रुप. मुंबईहून पिशवी मागवली तर पोचायला रात्र होणार होती, आणि तिच्याकडे तेवढा वेळ नव्हता.

"काकांकडे यादी होती या लोकांची," डॉक्टर मला म्हणाले. "नव्या सॉफ्टवेअरमध्ये एक पण दिसत नाही. अगो, ते त्या खोक्यात होतं ना सगळं?"

न उघडलेली ती नाकारलेल्यांची यादी. वर पुसायला काढलेला सर्व्हर. एका क्षणात सगळं दिसलं.

आणि तेव्हाच मला तो आवाज ऐकू आला. ज्यांनी डॉट मॅट्रिक्स ऐकलाय त्यांना सांगायला नको. कर्र-कर्र-खट. मावशी टेबलाशी उभ्या होत्या, हात जोडून नाही, कमरेवर ठेवून. प्रिंटरमधून कागद वर येत होता. शेवटची ओळ छापून झाली, हेड डावीकडे जाऊन थांबलं.

रिबन दोन वर्षांची वाळलेली, त्यामुळे अक्षरं पुसट. पण वाचता येत होती. काकांच्या प्रोग्रॅमची तीच ठेवण: आडनाव आधी, मग नाव, गाव, गट, फोन. प्रत्येक ओळीत गट एकच. बॉम्बे. सात नावं.

मी काय केलं असेल? घाबरले नाही. खरंच नाही. मी कागद फाडून डॉक्टरांच्या हातात दिला, आणि टेबलाखाली शिरले. डॉक्टर फोन फिरवत होते तेवढ्यात मी प्रिंटरची वायर बोटाने धरून शेवटपर्यंत गेले. ती त्या खोक्याच्याच मागे खोचलेली होती, नव्या पीसीला नाही. खोक्याचं झाकण काढलं. आत धूळ, पालीचं एक फुटकं अंडं, दसऱ्याच्या झेंडूच्या चार पाकळ्या. एसएमपीएसच्या जागी मोकळा चौकोन. हार्ड डिस्क केव्हाच पूर्ण बंद पडून वर माझ्या ड्रॉवरमध्ये होती. त्या खोक्यात विजेचा एक थेंब जायला वाट नव्हती.

"आता मिळालां का काय?" मावशींनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. मला राग आला होता. कुणीतरी माझी चेष्टा करतंय आणि तो माणूस सापडत नाहीये, तसा राग.

डॉक्टरांचे फोन चालू होते. पहिला दाता वारला होता. दोन नंबर बंद. एक मुंबईत. एकाचं वय उलटून गेलेलं. सहावा खेडचा. त्यांनी फोन उचलला, नागवेकरांचं नाव काढताच "निघतो" म्हणाले. पण खेडहून यायचं म्हणजे तीन तास तरी.

डॉक्टरांनी सातव्या ओळीवर बोट ठेवलं. मग माझ्याकडे बघितलं.

"केतकी, आठल्ये ना तू? शिरगावची?"

"हो."

"मग ही तूच की गो."

मी कागद ओढून घेतला. आडनाव, नाव, शिरगाव. माझंच. बॉम्बे.

"माझा O पॉझिटिव्ह आहे," मी म्हणाले. "आयकार्डवर आहे. जॉइन होताना तुम्हीच काढलाय."

"तिचाही कार्डवर O पॉझिटिव्हच आहे," डॉक्टर म्हणाले.

आता जे सांगते त्याची मला लाज वाटते, पण सांगते. मी नाही म्हणाले. कारण काय, तर मी आत्ता हात पुढे केला तर त्या कागदावर विश्वास ठेवल्यासारखं होईल! "कुणीतरी मुद्दाम छापलंय हे. आधी कुणी छापलं ते शोधू. मी असल्या गोष्टीला मान तुकवणार नाही," असं मी चक्क म्हणाले. दाराशी तो माणूस उभा होता. त्याला यातलं काही कळत नव्हतं, फक्त मी नाही म्हणतेय एवढं कळलं होतं.

मावशी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. ओरडल्या नाहीत. "बाय, कागुद खोटा म्हनतंस ना? मग सुई टोच, न् खोटा कर."

मी बाही वर केली.

तपासणी साधी असते. काचपट्टीवर रक्ताचा थेंब आणि त्यात एक द्रव. O गटाचं रक्त असेल तर लगेच बारीक गुठळ्या धरतात, डोळ्यांनी दिसतात. डॉक्टरांनी काचपट्टी हलवली. एक मिनिट, दोन मिनिटं. थेंब तसाच, गुळगुळीत, लाल. त्यांनी दुसरा थेंब घेऊन पुन्हा केलं. मग माझं रक्त रेश्माच्या रक्ताशी जुळवून बघितलं.

"जुळतंय," ते म्हणाले.

एकोणतीस वर्षं मी O म्हणून हिंडत होते. मला कधी घाईत, न जुळवता रक्त चढवलं असतं तर चुकीचं चढलं असतं. बाकीच्या चाचण्या घाईघाईत उरकल्या, मी खाटेवर आडवी झाले. मावशींनी माझ्या मुठीत रबरी चेंडू दिला आणि "दाब, दाब" म्हणत शेजारी बसून राहिल्या. पहिली पिशवी माझी गेली. खेडचे गृहस्थ सव्वाचारला पोचले, दुसरी त्यांची. संध्याकाळी रेश्माचं रक्त थांबलं. तिने पाणी मागितलं, असं तिचा नवरा येऊन सांगून गेला आणि बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून रडला.

मग मी वर गेले. पडद्यावर ती पुसायची आज्ञा तशीच होती. ती खोडली. बारावं मशीन नव्या प्लॅटफॉर्मवर नेलं, सुरू केलं आणि काकांचं रजिस्टर उघडलं. बॉम्बे गटाची नावं मागितली.

सहा आली.

दोनदा, तीनदा शोधलं. सहाच. माझं नाव त्यात नव्हतं. मशीनच्या नोंदवहीत स्पष्ट होतं: सकाळी सात दहाला बंद, संध्याकाळी सहा वीसला सुरू. मधे काही नाही.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट लिहायचा होता. डॉ. बेहेरेंनी मला बाजूला घेतलं. चांगला माणूस, माझ्या भल्याचंच बघत होते. "लिही की यादी काकांच्या जुन्या फायलीत सापडली. ते प्रिंटरचं कशाला? हसतील लोक. आणि ते नाकारलेल्या नोंदींचंही नको. रुग्ण वाचली ना, झालं."

"फायलीत नाही सापडली," मी म्हणाले.

"मग काय भुताने दिली लिहिणार?"

"कुणी दिली ते माहीत नाही असं लिहिणार. आणि ती हरवली होती ती माझ्यामुळे, हे पण लिहिणार."

तसंच लिहिलं. मेमो मिळाला, तो अजून माझ्याकडे आहे. ट्रस्टच्या एका सभासदाने विचारलं की तुम्हाला आराम हवाय का. मी म्हटलं, नको, मला नव्या सॉफ्टवेअरमध्ये नववा पर्याय हवाय. तो मिळाला.

गावात मात्र गोष्ट पसरली ती अशी, की नागवेकरकाकांनी येऊन यादी दिली. फार गोड गोष्ट आहे. मला ती आवडत नाही. काकांनी जिवंतपणी अकरा वर्षं... चुकले, नऊ वर्षं, एकेक नाव गोळा केलं, ते काम कुणाला आठवत नाही, मेल्यानंतरचं आठवतं. आणि काकांनी वाचवलं म्हटलं की मी काय करून ठेवलं होतं ते कुणी विचारतच नाही.

तुमचे प्रश्न मला माहीत आहेत, कारण तुमच्या जागी असते तर मीच विचारले असते. प्रिंटरचा सेल्फ टेस्ट? तो ए-बी-सी-डी छापतो, माणसांची नावं नाही. प्रिंटरच्या मेमरीत जुनं राहिलं असेल? बटण रोज संध्याकाळी बंद व्हायचं, मेमरी पुसली जाते. मावशींनी आधीचाच कागद सरकवला? छापताना मी डोळ्यांनी बघितलंय. मावशींना इंग्रजी टाइप करता येत नाही. आणि बॉम्बे गट माझा आहे हे मलाच ठाऊक नव्हतं, तर त्यांना कुठून?

एक पळवाट मी बरेच दिवस घट्ट धरून ठेवली होती. जॉइन होताना माझं रक्त काकांच्या टेबलावरून गेलं होतं. त्यांना तेव्हाच शंका आली असेल, त्यांनी माझं नाव रजिस्टरमध्ये घातलं असेल, म्हणूनच "तुझ्याशी काम आहे" म्हणाले असतील. आणि हार्ड डिस्क खराब होती, उतरवताना तेवढी एक नोंद गळली असेल. छान बसतं ना? प्रिंटरचं कोडं राहिलं तरी निदान नाव कुठून आलं ते सुटतं.

पण कागदावर फोन नंबरही आहे. बाकी सहांचे जुने, घरचे नंबर. माझ्यापुढे मोबाईल. तो नंबर मी घेतला काका गेल्यानंतर आठ महिन्यांनी.

याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्याकडे असेल तर खाली लिहा, पण "काही शक्ती असतात" असलं नको, ते उत्तर नव्हे. मी अजूनही शोधतेय.

त्यानंतर प्लॅटफॉर्म पुन्हा बदलला. या वेळी बारावं मशीन यादीत सगळ्यात वर होतं. मावशींनी जिन्यात नारळ फोडला, गाऱ्हाणं घातलं, "चला" म्हणाल्या. मी घातलं नाही. खोबरं खाल्लं. रजिस्टरमधली सातवी नोंद मी माझ्या हाताने टाइप केली आहे आणि त्यानंतर चार वेळा मला बोलावणं आलं, चारही वेळा गेले. हँडसेट बदलले, नंबर बदलायला घरचे सांगून थकले. नाही बदलला. कागदावर तोच आहे, आणि तो लागतो.